हरळी, हौदा आणि मैदानाचं कुलूप

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कोणत्याही फाउंड्रीत साच्याची रेती पारखायची जुनी रीत एकच आहे. मूठभर रेती घ्यायची, दाबायची, मूठ उघडायची. गोळा अखंड राहिला आणि मोडल्यावर त्याचे स्वच्छ दोन तुकडे झाले, की रेती जमली. सिलिका रेती, त्यात थोडी बेंटोनाइट माती आणि तीन-चार टक्के ओल, एवढाच मामला. पण ओल जास्त झाली तर कास्टिंगला भोकं पडतात आणि कमी झाली तर साचा ढासळतो. म्हणून प्रयोगशाळेतल्या चाचण्या असूनही मुरलेला मोल्डर आधी आपल्या मुठीवर विश्वास ठेवतो. मातीची ही जाण या वसाहतीत पिढ्यान्‌पिढ्या आहे. वसाहतीच्या भोवती अनगोळ, मजगाव, टिळकवाडी या भागांत पोरं ज्या मोकळ्या जागांवर खेळतात, तिथली माती मात्र कुणी मुठीत घेऊन बघत नाही. तिथे वाद चालतो तो कुलपाचा: मैदान राखायचं की पोरांना सोडायचं?

बेळगावात या प्रश्नाची दोन्ही टोकं बघायला मिळतात. ऑटोनगरला कर्नाटक राज्य क्रिकेट संघटनेचं (केएससीए) मैदान आहे. २०१९ साली भारत ‘अ’ आणि श्रीलंका ‘अ’ संघ तिथे खेळून गेले. हिरवंगार, रोलर फिरवलेलं, कुंपणातलं मैदान. तिथे पाऊल टाकायचं तर संघात नाव लागतं. दुसऱ्या टोकाला सरदार हायस्कूलचं मैदान, सीपीएड मैदान, टिळकवाडीतलं लेले मैदान, व्हॅक्सिन डेपोच्या झाडांमधली मोकळी जागा. सरदार मैदानावर दिव्यांच्या उजेडात टेनिस बॉलच्या स्पर्धा होतात, तेव्हा गर्दीत उभं राहायला जागा मिळत नाही. सीपीएडवर आज सामना, उद्या प्रदर्शन, परवा सभा. दोन्ही टोकांत एक गोष्ट समान आहे. गल्लीतल्या तेरा वर्षांच्या पोराला रोज संध्याकाळी हक्कानं मिळेल अशी चांगली जागा कुठेच नाही.

याच शहरातून बंडू पाटील हॉकी खेळायला निघाले आणि १९६४च्या टोकियो ऑलिंपिकचं सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघात होते. गुणी पोरं या मातीत नवी नाहीत.

माती म्हणताना बेळगावात एकच माती डोळ्यांसमोर आणून चालत नाही. पश्चिमेला, खानापूरच्या दिशेनं, जांभ्याची लाल माती. तिच्यात पाणी पटकन झिरपतं, पण उन्हाळ्यात ती दगडासारखी कडक होते आणि वरचा थर धुळीचा होतो. शहापूर, वडगाव, येळ्ळूरकडे काळी जमीन, बासमतीच्या भाताची. ती पाणी धरून ठेवते, फुगते आणि वाळली की भेगाळते. शहरात वर्षाला साधारण १३०० मिलीमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. भिजलेल्या काळ्या मातीवर बावीस जण तासभर धावले की मातीतल्या पोकळ्या चेपून बंद होतात. मग पाणी खाली जात नाही, मुळांना हवा मिळत नाही आणि गोलपोस्टसमोर जो खड्डा पडतो, तो पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिथेच राहतो. कोरड्या दिवसांत महिनाभर रोज खेळून जेवढं नुकसान होत नाही, तेवढं एका चिखलाच्या संध्याकाळी होतं. मैदान किती वेळ वापरलं यापेक्षा कधी वापरलं, हे जास्त महत्त्वाचं. मैदान बंद ठेवा म्हणणारे आणि उघडा म्हणणारे, दोघांच्याही बोलण्यात हा मुद्दा येत नाही.

गवताचा विचार केला तर आपण नशीबवान आहोत. शेतकरी जिला उपटून उपटून थकतो ती हरळी, गणपतीला वाहतो ती दूर्वा, हेच उष्ण प्रदेशातल्या क्रीडांगणांचं सर्वांत भरवशाचं गवत. परदेशात बर्म्युडा ग्रास म्हणून विकलं जातं ते तिच्याच जातकुळीचं. हरळी जमिनीवरून आणि जमिनीखालूनही धावे सोडते, त्यामुळे तुडवली तरी कडेनं पुन्हा आत सरकते. मात्र तिला दोन गोष्टी लागतात, ऊन आणि मोकळा वेळ. सावलीत ती मरते. आणि उघड्या पडलेल्या जागेवर परत यायला तिला उबदार हंगामात काही आठवडे कुणी तुडवायला नको असतं. जून-जुलैत पावसानं जमीन भिजली की हरळी सर्वांत जोमानं धावते. नेमकी तेव्हाच माती सर्वांत नाजूक असते. त्यामुळे विश्रांतीचा काळ निसर्गानंच ठरवून दिला आहे. पहिल्या मोठ्या पावसापासून गणपतीच्या आसपासपर्यंत मुख्य मैदान बंद ठेवायचं आणि बाकीचं वर्ष ते मोकळ्या मनानं पोरांना द्यायचं, हा हिशेब सरळ आहे.

पाण्याचा हिशेब तितका सरळ नाही. फुटबॉलचं प्रमाण मैदान १०५ गुणिले ६८ मीटर, म्हणजे ७१४० चौरस मीटर. त्यावर फक्त पाच मिलीमीटर पाणी द्यायचं म्हटलं तरी ३५,७०० लिटर लागतात, पाच हजार लिटरचे सातहून थोडे जास्त टँकर. राकसकोप आणि हिडकलच्या पाण्यावर जगणाऱ्या शहरात एप्रिल-मे महिन्यांत घरोघर नळाची वाट बघितली जात असताना गवतासाठी एवढं पाणी मागणं मला पटत नाही. म्हणून आपल्याकडे साऱ्या मैदानाला बारमाही हिरवं करण्याचा हट्ट सोडावा. हरळी उन्हाळ्यात पिवळी पडते, मरत नाही. मधला पट्टा आणि गोलसमोरची जागा तेवढी जपावी, बाकी मातीला माती राहू द्यावं. मुंबईच्या शिवाजी पार्कात उघड्या लाल मातीची धूळ आसपासच्या घरांत जाते म्हणून रहिवाशांनी वर्षानुवर्षं तक्रारी केल्या. त्यामुळे माती राहू द्यायची म्हणजे वाऱ्यावर सोडायची नव्हे. वाळलेलं का होईना, गवत टिकलं तर धूळ बसते.

आता खऱ्या शत्रूकडे येऊ. मैदान पोरांमुळे बिघडतं, असा एक समज आहे. एखाद्या मोठ्या कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर गेलात तर हा समज टिकत नाही. मंडपाच्या खांबांचे वीतभर खोल खड्डे एका रेषेत पडलेले असतात, काहींत अजून बांबूचा तुकडा. तंबूच्या दोऱ्यांसाठी ठोकलेल्या लोखंडी खुंट्या तशाच जमिनीत, टोक बोटभर वर. व्यासपीठापर्यंत ट्रक गेलेला, त्याच्या दोन खोल चाकोऱ्या आणि त्यांत साचलेलं पाणी. प्लास्टिकचे चमचे, द्रोण, कार्पेटचे खिळे. संध्याकाळी तिथे अनवाणी खेळणारं पोर येतं. त्याची भरपाई कोण करतं? भाडं घेणाऱ्यानं मैदान जसं दिलं तसं परत घेतलं पाहिजे, मातीसकट. कर्नाटकात उद्यानं, क्रीडांगणं आणि मोकळ्या जागा राखण्यासाठी १९८५चा स्वतंत्र कायदा आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेला मैदान असलं पाहिजे असं सांगितलं आहे. कायद्यांची कमतरता नाही. कमतरता आहे ती कार्यक्रम संपल्यावर खुंट्या मोजून घेणाऱ्या माणसाची.

असा माणूस आपल्याकडे होता आणि आहे. तालमीत त्याला वस्ताद म्हणतात. कुस्तीचा हौदा हे आपल्या भागातलं सर्वांत जुनं, सर्वांत जास्त वापरलं जाणारं आणि तरीही सर्वांत उत्तम राखलेलं मैदान आहे. लाल माती चाळून आणायची, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर असं प्रत्येक तालमीच्या रीतीनं मिसळायचं आणि मग रोज खणायचं. पहाटे लंगोट लावून उतरलेली पोरं आधी फावडी-कुदळी घेतात. एका टोकापासून हौदा उकरत जातात, ढेकळं फोडतात, खडा लागला की उचलून बाहेर फेकतात, मग पाट फिरवून माती सारखी करतात. नव्या पोराच्या हाताला पहिले फोड येतात ते कुस्तीनं नव्हे, फावड्यानं. घाम निघतो, खांदे भरतात, व्यायाम तिथेच सुरू होतो. माती कोरडी पडली की पाणी शिंपडायचं, जास्त ओली झाली की उघडी ठेवायची. वस्ताद पायाच्या अंगठ्यानं दाबून सांगतो, आज कुस्ती धरायची का नाही. पोरांना आत घेणं आणि हौदा राखणं ही दोन कामं तालमीत वेगळी नाहीत. जो खेळतो तोच खणतो. खणला नाही तर हौदा घट्ट होतो आणि पडणाऱ्याचं हाड मोडतं, म्हणून कुणी टाळत नाही.

ही रीत कर्नाटक-महाराष्ट्र सीमेच्या दोन्ही बाजूंची आहे. चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे कोल्हापूरच्या शाहूपुरी तालमीत घडले आणि १९५९ साली पहिले हिंदकेसरी झाले. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१२ साली बांधलेलं खासबाग मैदान आजही कुस्तीसाठीच वापरात आहे. निपाणीच्या दोन्ही अंगांच्या गावांत जत्रेच्या कुस्त्यांआधी आखाडा तयार करायला अजून गाव जमतं.

आणि कोल्हापुरात एक नवल घडलं. तिथले फुटबॉल संघही तालमीच झाले: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. शाहू स्टेडियमवर पेठांच्या नावानं हजारो माणसं गर्दी करतात. त्या शहराचा अनिकेत जाधव २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. पण तालमीचं नाव फुटबॉलमध्ये आलं, फावडं आलं नाही. स्टेडियम मोठ्या सामन्यांचं. सरावासाठी गांधी मैदानासारखी सखल जागा, जिथे पावसाळ्यात तळं होतं. हौद्यातली शिस्त गवतावर उतरली असती तर हे चित्र वेगळं दिसलं असतं, असं मला वाटतं.

ती उतरू शकते, याचा दाखला पार आयर्लंडमध्ये आहे. १८८४ साली थर्ल्स गावात स्थापन झालेली गेलिक अॅथलेटिक असोसिएशन हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल हे त्या देशाचे खेळ चालवते. डब्लिनच्या क्रोक पार्कमध्ये ८२,३०० माणसं बसतात, पण खेळाडू हौशीच, कुणालाही पगार नाही. गावागावांतले क्लब ही त्या संघटनेची मुळं. त्यातले बहुतेक आपलं मैदान स्वतःच्या मालकीचं ठेवतात. आठवड्याला गवत कापणारा, रेषा मारणारा, गेट उघडणारा माणूस तिथलाच कुणाचा तरी काका किंवा आजोबा असतो. त्यांचं मैदान १३० ते १४५ मीटर लांब आणि ८० ते ९० मीटर रुंद, आपल्या फुटबॉल मैदानाच्या जवळजवळ दीडपट ते पावणेदोनपट. पाऊस बारमाही. म्हणजे चिखलाचा प्रश्न आपल्यापेक्षा मोठा. हिवाळ्यात मैदान भिजलं की तेही ते बंद करतात. पोरांना घरी मात्र पाठवत नाहीत. चेंडू मारायला भिंत असते, दिव्यांखालचा लहान पक्का पट्टा असतो. बारा वर्षांखालच्या मुलांना तर मोठ्या मैदानावर खेळवतच नाहीत. त्यांचे कमी खेळाडूंचे, आखूड मैदानाचे सामने असतात. त्यामुळे एका मैदानात तीन-चार खेळ आडवे बसतात आणि दर आठवड्याला रेषा सरकवल्या की एकाच जागेवर सगळी झीज होत नाही.

मुलींच्या बाबतीत मात्र त्यांचंही उशिरापर्यंत चुकलं. मुलींच्या हर्लिंगची, म्हणजे कॅमोगीची, संघटना १९०४ची, स्त्रियांच्या गेलिक फुटबॉलची १९७४ची, दोन्ही वेगळ्या. पुरुषांच्या क्लबचं मैदान त्यांना पाहुण्यासारखं मागून घ्यावं लागे. आता तिन्ही संघटना एक करण्याचं काम चालू आहे. आपल्याकडे हा प्रश्न अजून विचारलाही जात नाही. संध्याकाळी पाच ते सात हा मैदानाचा सर्वांत मोलाचा वेळ आणि तो ठरलेल्या पोरांच्या टोळ्यांकडे असतो. वेळापत्रक नसलेलं उघडं मैदान सगळ्यांना उघडं असतं असं आपण मानतो. प्रत्यक्षात ते आधी पोचणाऱ्यांना आणि जोरात ओरडणाऱ्यांना उघडं असतं. ठरावीक दिवशी पाच ते सात मैदान मुलींचं, असं फलकावर लिहायला रंगाच्या डब्याखेरीज खर्च नाही.

मुंबईच्या आझाद मैदानानं वेगळा धडा दिला. तिथे बावीस खेळपट्ट्या एकमेकींना खेटून आहेत. एका सामन्याचा पॉइंट दुसऱ्याच्या मिडविकेटजवळ उभा असतो. १९८८ साली तेंडुलकर आणि कांबळी यांची ६६४ धावांची भागीदारी याच गर्दीच्या मैदानावर झाली. खेळपट्टी तेवढी जपायची, बाकी मैदान वाटून घ्यायचं.

उद्यमबागेनं हे सगळं आपल्या भाषेत करून दाखवावं, असं मला मनापासून वाटतं. १९१० साली ठळकवाडीची जागा नगरपालिकेला हवी झाली, म्हणून लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावातला कारखाना उचलून कुंडलच्या माळावर नेला. त्यानंतरही या शहरातलं लोखंडाचं काम थांबलं नाही. इथे कास्टिंग होतं, वेल्डिंग होतं, शाफ्ट फिरवले जातात. बैलगाडीच्या धावेइतका साधा रोलर, हरळीच्या खाली चेपलेली माती टोचायला खिळ्यांचं ढोलकं, मुरूम-माती पसरायला लोखंडी पाटा, हे सगळं इथल्या कोणत्याही शेडमध्ये भंगारातल्या मालातून होण्यासारखं आहे. सर्वांत आधी व्हावेत ते चाकांचे गोलपोस्ट. गोल जमिनीत पुरलेला असला की झीज एकाच जागी होते, तो सरकता असला की दर पंधरवड्याला मैदानाची दिशा बदलता येते आणि गोलसमोरच्या हरळीला उसंत मिळते. हे काम करणाऱ्यानं एक पथ्य मात्र पाळावं. हलका, सुटा गोलपोस्ट आडव्या दांडीला लोंबकळणाऱ्या पोरावर उलटतो आणि जगभर त्यात मुलं दगावली आहेत. म्हणून मागच्या पाइपात ओतीव वजन भरूनच तो द्यावा, चाकांना कुलूप असावं आणि खेळ संपला की दोन्ही गोल तोंडाला तोंड लावून साखळीनं बांधायचं काम त्या दिवशीच्या पोरांकडे असावं.