जस्ताचा मुलामा आणि बोल्टची ताकद

भिलाईत १९५९ साली पहिली झोतभट्टी सुरू झाली. पोलादाच्या या गावातही गंजापासून बोल्ट वाचवायला जस्ताचा मुलामा लागतोच. पण १२.९ वर्गाच्या फार कठीण बोल्टला तोच मुलामा घातक ठरू शकतो. ॲसिडच्या धुण्यात आणि प्लेटिंगच्या हौदात हायड्रोजन पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ होतं. बोल्ट आवळताना काही होत नाही. काही तासांनी, कधी काही दिवसांनी, तो अचानक तुटतो. २०१३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या बे ब्रिजवर जस्त चढवलेल्या ९६ आटेदार सळ्या ताणल्या. दोन आठवड्यांत ३२ तुटल्या.

म्हणूनच नुसती ओढून केलेली चाचणी मला अपुरी वाटते. घाईने ओढला तर ठिसूळ बोल्टही पास होतो. खरी परीक्षा वेळेची: पोलादी प्लेटमध्ये बोल्ट पक्के आवळायचे, किमान ४८ तास तसेच ठेवायचे, मग भिंगाखाली डोकं आणि आटे तपासायचे. बारीकशी चीर दिसली तरी बोल्ट नापास.

प्लेटिंगनंतर लगेच, चार तासांच्या आत, बोल्ट सुमारे २०० अंश सेल्सिअसवर काही तास भाजले की हायड्रोजनचा धोका बराच कमी होतो. कठीण बोल्ट घेताना भाजल्याचा दाखला जरूर मागा.