बर्फाचं यंत्र नेमकं काय करतं?

बर्फाच्या यंत्राबद्दलचे बहुतेक गैरसमज एकाच समजुतीतून येतात: हे यंत्र थंडी तयार करतं. खरं तर यंत्र एका जागची उष्णता उचलून दुसरीकडे टाकतं आणि जिथून ती उचलली तिथलं पाणी गोठतं. यावर कुणी म्हणेल, हा नुसता शब्दांचा खेळ झाला, पाणी गोठल्याशी मतलब. पण यात खरा प्रश्न हिशेबाचा आहे. तीस अंशांचं एक किलो पाणी शून्यापर्यंत आणायला त्यातून सुमारे 125 किलोज्यूल उष्णता काढावी लागते, आणि शून्यावर पोचलेल्या त्याच पाण्याचा बर्फ करायला आणखी 334. ही सगळी उष्णता, शिवाय यंत्र चालवायला लागलेली ऊर्जा, कुठेतरी बाहेर टाकणं भागच असतं. म्हणूनच फ्रिजचं दार उघडं ठेवलं तर खोली गार होण्याऐवजी तापते. एसी 'दीड टनाचा' असतो तोही वजनाने नव्हे. चोवीस तासांत एक अमेरिकन टन बर्फ वितळताना जितकी उष्णता शोषेल, तितकी उष्णता तेवढ्याच वेळात बाहेर काढण्याची क्षमता म्हणजे एक टन, सुमारे साडेतीन किलोवॅट. ते माप बर्फाच्या धंद्यातून आलं आहे. उष्णता टाकायची कुठे, हा प्रश्न धरून या यंत्राचा इतिहास वाचला की बरीच गुंतागुंत सुटते.

आपल्याकडे बर्फ इंग्रजांच्या जहाजांतून आणि यंत्रांतूनच आला, असं पुष्कळांना वाटतं. पण 1775 सालीच रॉबर्ट बार्कर यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात अलाहाबाद परिसरातली बर्फ करण्याची पद्धत नोंदवली आहे. मोकळ्या मैदानात उथळ खड्डे खणायचे, तळाशी उसाची चिपाडं किंवा वाळलेली ताटं अंथरायची आणि त्यावर मातीची पसरट भांडी पाणी घालून रात्रभर ठेवायची. हिवाळ्यातल्या निरभ्र, निवांत रात्री हवा गोठणबिंदूपर्यंत उतरली नाही तरी पहाटे भांड्यांवर बर्फाचा पापुद्रा धरलेला असे. पाणी आपली उष्णता थेट मोकळ्या आकाशाला देत होतं आणि खालच्या चिपाडांमुळे जमिनीची ऊब वर येत नव्हती. अच्छिद्र भांड्यांपेक्षा पाझरणारी भांडी बरी पडत, कारण थोडं बाष्पीभवनही हातभार लावी. दमट मुंबईत हे जमण्यासारखं नव्हतं. तिथे बर्फ आला तो अमेरिकेतल्या गोठलेल्या तळ्यांतून कापून, लाकडाच्या भुशात गुंडाळून, जहाजाने. बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याने 1833 साली कलकत्त्याला पाठवलेल्या 'टस्कनी' जहाजात सुमारे 180 टन बर्फ भरला होता. चार महिन्यांच्या प्रवासानंतर त्यातला शंभर टनांच्या आसपास शिल्लक होता. पुढे मुंबई आणि मद्रासलाही हा बर्फ येऊ लागला. मद्रासचं बर्फघर आजही उभं आहे आणि विवेकानंदांच्या तिथल्या मुक्कामामुळे त्यांच्याच नावाने ओळखलं जातं.

यंत्राचा शोध कुणी लावला, या प्रश्नाला एकच नाव हवं असतं, आणि बहुतेकदा ते फ्लोरिडातल्या अपॅलाचिकोला गावच्या डॉ. जॉन गॉरी यांचं दिलं जातं. गॉरी थोर माणूस होता. तापाच्या रुग्णांच्या खोल्या गार ठेवता याव्यात, या एका ध्यासापायी त्याने वैद्यकी बाजूला ठेवली आणि 6 मे 1851 रोजी अमेरिकन पेटंट मिळवलं. पण आपल्या घरचा फ्रिज त्याच्या यंत्राचा वंशज नाही. अठराव्या शतकाच्या मध्यात स्कॉटलंडमध्ये विल्यम कलन यांनी निर्वात भांड्यात ईथर उडवून थोडासा बर्फ करून दाखवला होता. त्या उडालेल्या ईथरची वाफ पुन्हा दाबून, तिची उष्णता बाहेर टाकून, द्रव करून परत वापरायची, म्हणजे बंद चक्र चालवायचं, ही आजच्या फ्रिजची मूळ कल्पना. तिचं पेटंट लंडनमध्ये राहणाऱ्या जेकब पर्किन्स या अमेरिकन माणसाने 1834 सालीच घेतलं होतं. गॉरीने द्रव वापरलाच नाही. तो हवा दाबायचा, दाबल्याने तापलेली हवा पाण्याने निववायचा आणि मग तिला फुलू द्यायचा. फुलताना ती गार होई.

मग गॉरी अपयशी का ठरला? बर्फाच्या व्यापाऱ्यांनी, विशेषतः ट्यूडरने, त्याचा घात केला, असं सर्रास लिहिलं जातं. खुद्द गॉरीलाही तसा संशय होता. पण त्याला आधार देणारा ठोस पुरावा समोर आलेला नाही, आणि त्याच्या अडचणींचं कारण शोधायला कारस्थानापर्यंत जावं लागत नाही. भांडवल देणारा त्याचा भागीदार मरण पावला. त्याहून मोठी अडचण हवेच्या स्वभावातच होती. एक किलो हवा तीस अंश तापताना जेमतेम 30 किलोज्यूल उष्णता उचलते. शून्य अंशाला एक किलो अमोनिया उडताना सुमारे 1,260 किलोज्यूल उचलतो. इतक्या दुबळ्या हमालाकडून टनावारी बर्फ करून घ्यायचा तर यंत्र अवाढव्य हवं, सांधे घट्ट हवेत, इंधन स्वस्त हवं. 1855 साली गॉरी वारला तेव्हा यातलं काहीच त्याच्या हाती नव्हतं. मात्र त्याची वाट वाया गेली असंही नाही. आजच्या बहुतेक प्रवासी विमानांत केबिन गार ठेवायला हवेचंच चक्र वापरतात, कारण तिथे दाबलेली हवा हाताशी असते.

यंत्र आलं आणि तळ्यांतला बर्फ हद्दपार झाला, हीसुद्धा घाईची समजूत आहे. ऑस्ट्रेलियात जिलाँगचा पत्रकार जेम्स हॅरिसन 1850च्या दशकात ईथरच्या यंत्रावर बर्फ काढत होता, फ्रान्सच्या फर्दिनां कारे याचं अमोनियाचं यंत्र 1859 साली आलं, तरी अमेरिकेतल्या तळ्यांवरचा धंदा पुढची कितीतरी वर्षं वाढतच राहिला. यंत्राने जम बसवला तो आधी जिथे तळ्यांतला बर्फ पोचणं दुरापास्त होतं तिथे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात उत्तरेकडचा बर्फ बंद झाल्यावर दक्षिणेत कारेची यंत्रं नाकेबंदी चुकवून नेली गेली, हे त्याचं ठळक उदाहरण. कारेच्या यंत्रात आग पेटवून बर्फ होतो, म्हणून तिथे तरी उष्णतेतून थंडी निर्माण होते, असा आक्षेप घेता येईल. पण ती आग पाण्यात विरघळलेला अमोनिया बाहेर काढण्यापुरती असते. हा अमोनिया द्रवरूप होऊन पुन्हा उडताना उष्णता उचलतो आणि पाण्यात विरघळताना ती सोडतो. शेवटी आगीची आणि बर्फाची अशी दोन्ही उष्णता गार करणाऱ्या पाण्यातच जाते.

या यंत्रांना पैसा मिळाला तो घरगुती स्वयंपाकघरासाठी नव्हे. बव्हेरियात उन्हाळ्यात बिअर करायला 1553 पासून बंदी होती, कारण तिथली बिअर थंडीतच नीट आंबते. ही बंदी उठली 1850 साली. म्युनिकचे प्राध्यापक कार्ल फॉन लिंडे यांनी 1870च्या दशकात आपली यंत्रं घडवली ती बिअरवाल्यांच्या मदतीनेच. दुसरं गिऱ्हाईक मांसाचं. फेब्रुवारी 1882 मध्ये न्यूझीलंडहून गोठवलेलं मांस घेऊन निघालेलं 'डनीडिन' हे शिडाचं जहाज मे महिन्यात लंडनला पोचलं. त्यावर कोळशाने चालणारं हवेचं यंत्र होतं. उष्ण कटिबंधात गार हवा कोठारात सगळीकडे फिरेना, तेव्हा कप्तान व्हिटसन झरोके पाडायला स्वतः आत सरपटत शिरला आणि गारठून बेशुद्ध पडला. पायाला दोर बांधून त्याला बाहेर ओढावं लागलं. नुसतं यंत्र असून भागत नाही, कोठाराच्या कोपऱ्याकोपऱ्यातली उष्णता तिथवर आणावी लागते, हे त्या प्रवासात दिसलं.

शेवटचा गैरसमज आजही रस्त्यावर ऐकू येतो: कारखान्याच्या बर्फात अमोनिया असतो. लादी कशी होते ते पाहिलं की शंका फिटते. अमोनिया बंद नळ्यांतून फिरतो. नळ्या मिठाच्या पाण्याच्या हौदात बुडवलेल्या असतात. हे खारं पाणी शून्याखाली जाऊनही गोठत नाही. त्यात लोखंडी डबे सोडलेले असतात आणि त्या डब्यांत साधं पाणी. गोठणं बाहेरून आत सरकतं, तशी पाण्यातली हवा आणि क्षार मध्याकडे ढकलले जातात. लादीच्या पोटात पांढुरका दोर दिसतो तो यांचाच. डबा क्षणभर कोमट पाण्यात बुडवला की लादी सुटते. नळी फुटलीच तर अमोनियाचा उग्र वास कारखान्यात कुणाला थांबू देणार नाही. धोका असतो तो डब्यात भरलेल्या पाण्याचा आणि नंतर लादी जिथे ठेवली, फोडली त्या जागेचा. दूषित पाण्यातले बरेच जंतू गोठूनही मरत नाहीत. मासळी आणि मालासाठीचा अखाद्य बर्फ निळा करण्याचा नियम 2018 साली झाला तो याच कारणाने. म्हणून गोळ्याच्या गाडीवर विचारायचं ते बर्फ कोणत्या पाण्याचा, हे.