अंगठा, अक्षर आणि शिक्का

२९ सप्टेंबर २०१० रोजी, नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील टेंभली या गावी, पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि श्रीमती सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत, देशातील पहिले आधार क्रमांक ग्रामस्थांच्या हाती देण्यात आले, तेव्हा त्या समारंभाची वर्णने पुष्कळ झाली. परंतु त्या ग्रामस्थांचे ठसे यंत्राने ज्या नियमांनी टिपले ते नियम कोणी, कोठे बसून आणि कोणाशी भांडून ठरवले, ही चौकशी त्या गर्दीत कोणी केल्याचे दिसत नाही.

आमच्याकडे अंगठा नवा नव्हे. तालुका कचेरीच्या दप्तरांत ‘निशाणी डावा अंगठा’ या तीन शब्दांखाली कित्येक पिढ्यांची शेते गहाण पडली आणि क्वचित सुटलीही. मात्र तो अंगठा माणसाच्या डोळ्यासाठी होता, आणि खरे सांगायचे तर तो डोळाही त्याच्याकडे फारसा पाहत नसे. नवा अंगठा यंत्राने वाचायचा. तोही एका कारखान्याच्या यंत्राने टिपलेला दुसऱ्या कारखान्याच्या यंत्राने. त्यासाठी मापाची एकवाक्यता हवी, आणि मापाचा प्रश्न निघाला की पेठ आणि सरकार यांचा जुना वाद उभा राहतो. नंदुरबार ही जुनी पेठ. मोगल अमदानीत माळवा सुभ्यातील ‘सरकार’ नावाच्या एका विभागाचे ठाणे. अशा पेठांतून पायली आणि मण गावोगाव निराळे असत. शेटेमहाजन आपसांत जमवून घेत तेच माप, आणि त्यावर सरकारचा शिक्का उमटायचा तो मागाहून, पुष्कळदा फार मागाहून. देशाने दशमान मापांचा कायदा केला तो १९५६ साली.

आजच्या शेटेमहाजनांना कन्सॉर्शियम म्हणतात. वर्गणी भरणाऱ्या कंपन्या एकत्र येतात आणि वर्षा-दोन वर्षांत मसुदा बाजारात आणतात. शिक्का मारणाऱ्या संस्थांचा रिवाज वेगळा: जिनिव्हाच्या ‘आयएसओ’ या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेत मत कंपनीचे नसून देशाचे असते, आपल्या वतीने ते भारतीय मानक ब्यूरो देतो, आणि मसुदा फेऱ्यांमागून फेऱ्या घेत वर्षानुवर्षे मुरतो. योगायोग असा की ‘आयएसओ’ आणि ब्यूरोची पूर्वज भारतीय मानक संस्था ही दोन्ही १९४७ सालची अपत्ये.

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, अमेरिकेत कॉम्पॅक, आयबीएम, मायक्रोसॉफ्ट, नॉव्हेल आदी कंपन्यांनी ‘बायोएपीआय कन्सॉर्शियम’ स्थापन केले होते. कोणत्याही निर्मात्याचे ठसे-यंत्र कोणत्याही संगणक-प्रणालीशी एकाच बोलीत बोलावे, हा त्यांचा हेतू. २००० साली पहिली आवृत्ती निघते न निघते तोच संस्थापकांपैकी मायक्रोसॉफ्टने निराळ्याच कंपनीचे तंत्र परवान्याने घेतले आणि आपली चूल वेगळी मांडली. सर्वांत मोठा महाजनच पंगतीतून उठला म्हणताच उरलेल्यांना शिक्क्याची निकड भासली. त्यांचा मसुदा २००२ साली अमेरिकेचे राष्ट्रीय मानक झाला. त्याच वर्षी ‘आयएसओ’ आणि ‘आयईसी’ यांच्या संयुक्त समितीखाली शरीरचिन्हांसाठी ‘एससी ३७’ ही उपसमिती नेमली गेली, आणि २००६ साली त्याच मसुद्याची सुधारलेली आवृत्ती १९७८४ या क्रमांकाने जगाची झाली. दरम्यान ठसा, चेहरा आणि बुबुळ यांची चित्रे कशी साठवावीत हे सांगणारी १९७९४ ही मालिका त्याच उपसमितीने २००५ पासून प्रसिद्ध करण्यास आरंभ केला होता.

हीच मालिका टेंभलीला पोचली. २००९ साली नेमलेल्या आधार प्राधिकरणाच्या मानक समितीने डिसेंबरात अहवाल दिला, तो तिच्याच आधाराने. परंतु ही मापे ज्या बोटांवर बेतली होती ती बोटे ऊस तोडणारी नव्हती, मिरची खुडणारी नव्हती. समितीला याची जाणीव होती, हे तिच्या श्रेयाचे. तिने मुख्यतः ग्रामीण भागांतील सुमारे २५ हजार व्यक्तींचे अडीच लाखांवर ठसे तपासून पाहिले. ते दिल्ली, उत्तर प्रदेश, बिहार आणि ओरिसा येथील होते. बुबुळ घ्यावे की नाही, हा निर्णय तिने प्राधिकरणावर सोपवला आणि प्राधिकरणाने ते घेतले. माझ्या मते त्या साऱ्या प्रकरणातील सर्वांत शहाणा निर्णय तोच.

पेठेने आणि शिक्क्याने येथे जुळते घेतले ते सद्भावनेने नव्हे; अब्जावधी ठशांचे एकच गिऱ्हाईक समोर उभे राहिले म्हणून. एका विक्रेत्याच्या मुठीत सापडू नये यासाठी प्राधिकरणाने २०१० साली ठसे जुळवण्याचे काम तीन समूहांत वाटले, त्यांपैकी एकात फ्रान्सची मॉर्फो आणि दुसऱ्यात अमेरिकेची एल-१ ही कंपनी होती. पुढच्याच वर्षी मॉर्फोच्या मालक कंपनीने एल-१ विकत घेतली! मानक कितीही खुले असो, महाजनांची सोयरीक मोडण्याचा अधिकार त्याला नसतो.

आधारमध्ये अंगठ्याखेरीज मराठी अक्षरेही असतात, आणि त्यांची हकीकत तर अधिकच मासलेवाईक आहे. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने ‘इस्की’ हे भारतीय लिप्यांचे मानक प्रसिद्ध केले. त्याच वर्षी जानेवारीत कॅलिफोर्नियात कंपन्यांच्या ‘युनिकोड कन्सॉर्शियम’ची नोंदणी झाली, आणि त्याच वर्षी ‘आयएसओ’चा स्वतःचा प्रतिस्पर्धी अक्षरसंच मतदानात पडला. तेव्हा उभयतांनी तह केला, तो आजतागायत टिकला आहे: कन्सॉर्शियमचे युनिकोड आणि ‘आयएसओ’चे १०६४६ यांतील अक्षरे व त्यांचे क्रमांक एकच. देवनागरीचा भाग इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरून घेतला गेला. आणि २००९ साली भारत सरकारने आपल्या ई-प्रशासनासाठी मान्य केले ते युनिकोड. आमचे माप कंपन्यांच्या पेठेत गेले आणि त्यांच्या नावाने आमच्याच कचेरीत परत आले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

या ये-जा करण्यात मराठीचा एक केस ओढला गेला. ‘दर्‍या’ शब्दातील डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा र हिंदीला ठाऊक नाही. इस्कीच्या रीतीने तो नुक्ता असलेल्या र-पासून घडवावा. युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून साध्या र-पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालूनही तो चालतो. दिसायला दोन्ही एक, यंत्राच्या लेखी दोन. एक रीत शोधणाऱ्याला दुसरी सापडत नाही. ‘अ’वर चंद्र देऊन लिहिला जाणारा मराठी ‘ॲ’ तर २००८ साली कोठे संचात आला.

आणि जोडचिन्ह वाटेत गळाले की तोरणमाळच्या दर्‍या कागदावर ‘दर्या’ होऊन उतरतात. नंदुरबार जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही.