मूत्रपिंडाच्या दारातली अडचण

गरोदरपणातल्या सोनोग्राफीत ‘बाळाच्या किडनीला सूज’ असा शेरा आला की घरात धास्ती शिरते. खरं तर यातल्या बऱ्याच सुजा बाळ वाढताना आपोआप उतरतात. काहींत मात्र मूत्रपिंडातून मूत्रनळी जिथे निघते, तो सांधाच अरुंद असतो. हा दोष मुलींपेक्षा मुलग्यांत आणि उजवीपेक्षा डाव्या बाजूला जास्त आढळतो.

१९४९ साली अँडरसन आणि हाइन्स यांनी मांडलेली शस्त्रक्रिया आजही प्रमाण मानली जाते. अरुंद तुकडा कापून काढायचा आणि निरोगी नळी पुन्हा मूत्रपिंडाला जोडायची. नव्वद टक्क्यांहून अधिक मुलांत ती यशस्वी होते. जोडावर ताण येऊ नये म्हणून आत ठेवलेला स्टेंट काही आठवड्यांनी काढतात.

कापलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बोलका ठरतो. स्नायूंचे तंतू विस्कटलेले, त्यांच्यामध्ये कोलॅजन माजलेलं. लघवी पुढे ढकलणाऱ्या लाटेला चालना देणाऱ्या काहाल पेशीही अनेक अभ्यासांत कमी आढळल्या. मोठ्या मुलांत कधी बाहेरून आडवी गेलेली रक्तवाहिनी नळी दाबते. तिथे ऊती बऱ्यापैकी धड असू शकतात.

गोम पुढे आहे. स्कॅनमध्ये कार्य चांगलं दिसणाऱ्या मूत्रपिंडाच्या बायोप्सीतही कधी कधी तंतुमयता सापडते. म्हणूनच लगेच शस्त्रक्रिया न करता वाट पाहायची ठरली, तरी सोनोग्राफी आणि स्कॅनच्या तारखा चुकवणं परवडत नाही. शस्त्रक्रियेनंतर सूज उतरायलाही कित्येक महिने लागतात, आणि थोडी फुगवट कायमची राहिली तरी निचरा मोकळा असेल तर डॉक्टर ती चालवून घेतात.