कोणते जोशी?

व्याकरणावर प्रबंध लिहिणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याच्या संदर्भसूचीत दोन नोंदी एकाखाली एक येऊ शकतात. ‘जोशी आणि किपार्स्की, १९७९’ ही पहिली आणि ‘जोशी, १९८५’ ही दुसरी. विषय जवळचा, आडनाव तेच, मध्ये अवघ्या सहा वर्षांचं अंतर. माहिती नसलेला वाचक सहज समजेल की एकाच अभ्यासकाचं काम पुढे सरकलेलं दिसतंय. प्रत्यक्षात पहिले जोशी म्हणजे पुणे विद्यापीठाच्या संस्कृत प्रगत अध्ययन केंद्राचे शिवराम दत्तात्रेय जोशी. दुसरे अरविंद कृष्ण जोशी, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात संगणकशास्त्र शिकवणारे. एकाने आयुष्य पाणिनी आणि पतंजलीला दिलं, तर दुसऱ्याने संगणकाला माणसाची वाक्यं कशी उलगडायला शिकवायची, या प्रश्नाला.

या दोघांपाशी जरा थांबू. मराठी वाचकांपैकी फार थोड्यांना ही नावं माहीत आहेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शिवराम जोशी हार्वर्डमध्ये डॅनियल इंगल्स यांच्याकडे शिकून परतले आणि पतंजलीचं महाभाष्य इंग्रजी भाषांतर आणि विवेचनासह उलगडायला बसले. १९६८ मध्ये त्यातलं समर्थाह्निक छापून आलं. पुढच्या खंडांसाठी रूडबर्गेन हे डच अभ्यासक त्यांच्यासोबत होते. समर्थाह्निकात चर्चा आहे ती समासाची: दोन शब्दांचा समास नेमका केव्हा होऊ शकतो? मराठीतलंच उदाहरण घेऊ. ‘राजाचा वाडा’ म्हटलं की त्याचा ‘राजवाडा’ होतो. आता हे वाक्य बघा: ‘घोडा राजाचा, वाडा प्रधानाचा’. इथेही ‘राजाचा’ आणि ‘वाडा’ हे शब्द शेजारीशेजारी आहेत. पण त्यांचा राजवाडा करता येत नाही, कारण राजाचा संबंध घोड्याशी आहे, वाड्याशी नाही. शब्द शेजारी असून भागत नाही, त्यांच्यात अर्थाचं नातं लागतं. ही गोष्ट ऐकायला साधी वाटते. पण तिच्या कडा तपासायला लागलं की पतंजलीला पानंच्या पानं खर्चावी लागतात आणि शिवराम जोशींनाही.

अरविंद जोशी १९२९ मध्ये पुण्यात जन्मले. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५० मध्ये विद्युत अभियंता झाले आणि पुढे पेनसिल्व्हेनियात भाषेकडे वळले. वाक्याचं विश्लेषण करणाऱ्या अगदी सुरुवातीच्या संगणक प्रणालींपैकी एक तिथे १९५८-५९ मध्ये तयार झाली, तिच्यावर त्यांनी काम केलं होतं. १९७५ मध्ये दोन सहकाऱ्यांसोबत त्यांनी वाक्यरचनेची एक नवी पद्धत मांडली. वाक्य म्हणजे छोट्या छोट्या झाडांची जुळणी, असं ती मानते. ‘काय खाल्लं सुमनने?’ हे एक छोटं झाड आणि ‘असं तुला वाटतं’ हे दुसरं. दुसरं झाड पहिल्याच्या पोटात शिरतं आणि वाक्य तयार होतं: ‘काय खाल्लं असं तुला वाटतं सुमनने?’ आता ‘खाल्लं’ आणि ‘सुमनने’ एकमेकांपासून लांब गेले. पण त्यांचं नातं पहिल्या झाडातच पक्कं झालेलं आहे, त्यामुळे मध्ये कितीही मजकूर घुसला तरी ते तुटत नाही. या पद्धतीला किती ताकद लागते, गणिताच्या भाषेत मानवी व्याकरण कितपत अवघड आहे, याचा हिशेब त्यांनी १९८५ च्या त्या लेखात मांडला. पुढची कित्येक वर्षं संगणकीय भाषाशास्त्र त्या हिशेबावर चाललं. २००५ मध्ये त्यांना बेंजामिन फ्रँकलिन पदक मिळालं.

म्हणजे एक जोशी सांगतात की शब्द शेजारी असले तरी त्यांच्यात नातं असेलच असं नाही. दुसरे दाखवतात की शब्द लांब गेले तरी नातं टिकू शकतं. एकाच प्रश्नाच्या या दोन बाजू. दोघांचं काम शेजारीशेजारी ठेवून शिकवावं, इतकं ते एकमेकांना पूरक आहे. पण ‘जोशी, १९७९’ आणि ‘जोशी, १९८५’ यांना एकच माणूस समजलात, तर दोघांचंही हातातून जातं.

जोशी आडनावाचा पसारा एका विषयापुरता नाही. वाईचंच घ्या. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी तिथल्या प्राज्ञपाठशाळेत घडले. धर्मकोशाचं काम तिथेच उभं राहिलं, मराठी विश्वकोशही वाईतूनच निघाला आणि तर्कतीर्थ त्याचे प्रमुख संपादक होते. त्याच वाईत १९५३ मध्ये चंद्रशेखर जनार्दन जोशी जन्मले. ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत प्लाझ्मा भौतिकीत काम करतात आणि शोधनिबंधांवर त्यांचं नाव ‘सी. जोशी’ असं येतं. त्यांच्या गटाने इतर सहकाऱ्यांसोबत केलेला एक प्रयोग २००७ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. स्टॅनफर्डच्या सुमारे तीन किलोमीटर लांबीच्या त्वरकातून इलेक्ट्रॉन ४२ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा घेऊन बाहेर पडत होते. ते त्यांनी जेमतेम ८५ सेंटिमीटर लांबीच्या प्लाझ्मातून पाठवले, तेव्हा त्यातल्या काही इलेक्ट्रॉनांची ऊर्जा जवळजवळ दुप्पट झाली. तीन किलोमीटरचं काम एका मीटरच्या आत. एका लहानशा गावाच्या नावाशी धर्मकोश आणि कण-त्वरक ही दोन्ही कामं जोडलेली आहेत, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात असायला हवी.

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात जन्मलेल्या महादेवशास्त्री जोशींनी भारतीय संस्कृतिकोशाचे दहा खंड उभे केले. त्यांना आणि तर्कतीर्थांना वेगळं ओळखता येतं ते पहिल्या नावामुळे आणि त्याला जोडलेल्या ‘शास्त्री’मुळे. सूचीत ‘म. सी. जोशी’ आणि ‘ल. बा. जोशी’ एवढंच लिहिलं, तर चांगला वाचलेला माणूसही क्षणभर अडखळेल. आणि जोशी हे फक्त मराठी आडनाव नाही. गुजरातेत, राजस्थानात, कुमाऊँमध्ये, नेपाळमध्ये जोशी आहेत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत राहून पंकज जोशींनी कोसळणाऱ्या ताऱ्यांचं गणित मांडलं. तारा कोसळताना तयार होणारा अतिघन बिंदू कृष्णविवराच्या पडद्याआड न जाता उघडा राहू शकतो का, हा त्यांचा प्रश्न.

एकाच नावामुळे होणारा सगळ्यात मोठा घोटाळा मला वाटतं कुमाऊँतल्या दोघांचा असावा. पी. सी. जोशी म्हणजे कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस पूरनचंद जोशी. १८५७ च्या उठावावरचा लेखसंग्रह त्यांनी १९५७ मध्ये संपादित केला. पी. सी. जोशी म्हणजेच दिल्लीच्या आर्थिक विकास संस्थेतले समाजशास्त्रज्ञ पूरनचंद्र जोशी. जमीनसुधारणांवरचं त्यांचं पुस्तक १९७५ चं, आणि दूरदर्शनच्या कार्यक्रमांविषयी ऐंशीच्या दशकात नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. दोघंही अल्मोडा भागातले, दोघंही शेतकऱ्यांविषयी आणि समाजबदलाविषयी लिहिणारे. इथे आद्याक्षरांनी काही साधत नाही, पूर्ण नावानेही फारसं नाही. जन्मवर्ष दिलं तरच गाठ सुटते: १९०७ आणि १९२८.

हा गुंता आपण तयार केला नाही, पण आपल्या वाट्याला तो जास्त आला. संशोधनाच्या सूच्या कागदावर छापल्या जायच्या तेव्हा जागा महाग होती. युजीन गारफिल्ड यांचा विज्ञान संदर्भ निर्देशांक १९६४ पासून निघू लागला, त्यात आडनाव आणि आद्याक्षरं असायची. उद्धृत लेखाचा तर पहिला लेखकच नोंदला जायचा. वैद्यकातल्या मेडलाइन सूचीत लेखकाचं पूर्ण नाव यायला २००२ उजाडलं. ज्या समाजात आडनावं हजारोंनी आणि पहिली नावं मोजकी, तिथे ही पद्धत चालून गेली. आपल्याकडे, आशियात बऱ्याच ठिकाणी, उलटं आहे. एकट्या चीनमध्ये वांग आडनावाची माणसं दहा कोटींच्या आसपास आहेत आणि कोरियात दर पाच माणसांमागे साधारण एक किम. जोशी, कुलकर्णी, पाटील यांची स्थिती त्याच जातीची. मराठी नावात माणूस नेमका सापडतो तो मधल्या, वडिलांच्या नावामुळे. परदेशी सूचीत मधलं नाव म्हणजे ऐच्छिक वस्तू, ते गळालं तरी कोणाला वाटत नाही की काही हरवलं. आणि आपणही स्वतःहून ते एका अक्षरावर आणून ठेवतो. आपल्या विश्वकोशाच्या नोंदींखालीसुद्धा लेखकाचं आडनाव आणि दोन अक्षरं अशीच सही असते.

स्त्रियांच्या बाबतीत मात्र हा प्रश्न अन्यायाचा होतो. लग्नानंतर मधलं नाव बदलतं, आडनाव बदलतं, कित्येक घरांत पहिलं नावही बदलत असे. पदव्युत्तर शिक्षणात लिहिलेले निबंध एका नावावर आणि पुढचे दुसऱ्यावर, अशी एकाच स्त्रीची कारकीर्द सूचीत दोन बायकांची होऊन बसते. कल्याणच्या यमुनेचं माहेरही जोशी आणि सासरही जोशी. लग्नात ती आनंदी झाली. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी ती डॉक्टर झाली. तिचा प्रबंध होता हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावर. विशीत केलेलं हे काम म्हणजे भारतीय स्त्रीने पाश्चात्त्य वैद्यकात लिहिलेल्या सर्वांत जुन्या लेखनापैकी एक. पण अमेरिकेतल्या कागदपत्रांवर तिच्या आडनावाचं रोमन स्पेलिंग आजच्या रूढ स्पेलिंगपेक्षा वेगळं आहे, शेवटी दोन ‘ई’ आहेत. आजच्या स्पेलिंगनेच शोधत बसलात, तर ती निसटून जाऊ शकते.

उलटा प्रकारही घडतो. कोसंबी हे आडनाव विरळा, त्यामुळे गोंधळ व्हायला नको. पण दामोदर धर्मानंद कोसंबींनी गणितात काम केलं, नाणी तोलली, प्राचीन भारताचा इतिहास लिहिला आणि आनुवंशशास्त्राला एक सूत्र दिलं. गुणसूत्रावरच्या जनुकांमधलं अंतर मोजायला ते सूत्र जगभर ‘कोसंबी’ याच नावाने वापरलं जातं. जनुकांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला हा माणूस इतिहासकार होता हे ठाऊक नसतं आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याला ते सूत्र ठाऊक नसतं. त्यात काही गणिती निबंध त्यांनी एस. ड्युक्रे या टोपणनावाने छापले. अनेक जोशींचा एक जोशी होतो, तसा एका कोसंबीचे तीन होतात.

आता या गुंत्यावरच्या उपायांकडे वळू. अर्थशास्त्रातल्या चार गुडमनांनी २०१५ मध्ये मिळून एक निबंधच प्रसिद्ध केला. त्यांचं आपसात नातं नव्हतं आणि एकाच आडनावाचे चार अर्थतज्ज्ञ सहलेखक असल्याचा हा पहिलाच प्रसंग असल्याचं त्यांनीच नोंदवलं. तो मजेचा भाग. गंभीर उपाय २०१२ च्या ऑक्टोबरात आला. त्याचं नाव ऑर्किड: संशोधकाला मिळणारा सोळा अंकी क्रमांक, फुकट, जन्मभरासाठी. शेवटचा अंक आधीच्या पंधरा अंकांवरून हिशेबाने निघतो. त्यामुळे टंकताना एखादा आकडा चुकला, तर यंत्राला लगेच कळतं. नाव बदललं, संस्था बदलली, देश बदलला तरी क्रमांक तोच राहतो. आज मोठमोठी नियतकालिकं लेख स्वीकारताना तो मागतात.

पण हा क्रमांक जिवंत माणसाने स्वतः घ्यायचा असतो. आनंदीबाई तो घेऊ शकत नाहीत, तर्कतीर्थ नाहीत, शिवराम जोशीही नाहीत. त्यांच्यासाठी ग्रंथपालाने बसून नोंद करायची असते: पूर्ण नाव, मधल्या नावासह, जन्मवर्ष, आणि ज्या ज्या वेगळ्या स्पेलिंगांनी वा नावांनी लेखन आलं ती सगळी एका जागी. जगातली मोठी ग्रंथालयं हे काम करतात आणि एकमेकांच्या नोंदी जुळवून ठेवतात. मराठी अभ्यासकांच्या बाबतीत हे काम महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या ग्रंथालयांनीच केलं पाहिजे, कारण ‘ल. बा. जोशी’ म्हणजे कोण हे वॉशिंग्टनच्या ग्रंथपालाला कोण सांगणार?

तेव्हा पीएच.डी.ला बसलेल्या मुलामुलींना एवढंच सांगणं आहे. पहिल्या निबंधाआधी ऑर्किड क्रमांक घ्या. नाव पूर्ण लिहा, मधल्या नावासकट, आणि एकदा ठरवलेलं रोमन स्पेलिंग शेवटपर्यंत बदलू नका. मुलींनी लग्नानंतर घरी कोणतंही नाव लावावं. पण शोधनिबंधावर पहिल्या निबंधातलंच नाव राहू द्यावं. आणि संदर्भ देताना ‘जोशी, १९७९’ एवढ्यावर थांबू नका, ते जोशी कोणते हे सूचीत पूर्ण लिहा.