ड्रायव्हर नसलेल्या गाडीने माणूस उडवला, तर भरपाई कोणाच्या खिशातून?

कापडाच्या धंद्यातील एक झगडा आपल्या व्यापारी बांधवांना नवा नाही. रंगून आलेल्या ताग्यात डाग निघाला की व्यापारी प्रोसेसवाल्याकडे बोट दाखवतो. प्रोसेसवाला म्हणतो, कोरे कापडच खराब आले होते. यंत्रमागवाला म्हणतो, सुतात दोष होता. सूतवाला आपल्या बिलावरचा शिक्का दाखवतो की माल गेल्यावर तक्रार चालणार नाही. माल चार हातांतून फिरला की दोष कोणाच्या पदरी घालायचा, हा सवाल उभा राहतो. अमेरिकेत गेली काही वर्षे हाच सवाल माणसाच्या जिवावरून चालला आहे. गाडी एका कंपनीची, तिचा मेंदू म्हणजे कॉम्प्युटर दुसऱ्या कंपनीचा, सीटवर बसलेला पगारी नोकर आणि रस्त्यावर पायी चालणारा गरीब. अशा गाडीने माणूस मारला, तर जबाबदार कोण?

टेम्पे शहरातील मामला

१८ मार्च २०१८ च्या रात्री अॅरिझोना राज्यातील टेम्पे शहरात ४९ वर्षांची एक स्त्री हाताने सायकल ढकलत रस्ता ओलांडत होती. उबर कंपनीची व्होल्वो बनावटीची गाडी त्या वेळी चाचणीसाठी आपोआप धावत होती. गाडीने तिला धडक दिली आणि ती मरण पावली. स्वयंचलित गाडीने पादचाऱ्याचा जीव घेतल्याची ही पहिली नोंद मानली जाते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने तपास केला. गाडीच्या यंत्रणेला ती स्त्री धडकेच्या ५.६ सेकंद आधीच दिसली होती. गाडीचा वेग तेव्हा ताशी ६९ किलोमीटरच्या आसपास होता, म्हणजे मध्ये शंभर मीटरहून जास्त अंतर होते. पण कॉम्प्युटर तिला कधी वाहन, कधी सायकल, तर कधी 'इतर वस्तू' समजत राहिला. झेब्रा क्रॉसिंग सोडून माणूस रस्ता ओलांडू शकतो, ही गोष्ट त्याला शिकवलेलीच नव्हती. व्होल्वोचा स्वतःचा आपत्कालीन ब्रेक दोन यंत्रणांची टक्कर नको म्हणून स्वयंचलित चालीत बंद ठेवला होता. पूर्वी अशा गाडीत दोन माणसे बसत. कंपनीने त्यातील एक कमी केला होता. आणि जी एक बाई देखरेखीसाठी बसली होती, ती मोबाईलवर कार्यक्रम पाहत होती.

मंडळाने मुख्य कारण देखरेख करणाऱ्या बाईचे दुर्लक्ष हेच मानले. पण कंपनीची ढिली सुरक्षा व्यवस्था, राज्य सरकारची अपुरी देखरेख आणि क्रॉसिंग सोडून रस्ता ओलांडणे, यांचाही वाटा दाखवला.

आता कोर्टाचा हिशेब पाहा. मयत स्त्रीच्या नवऱ्याशी व मुलीशी उबरने दोन आठवड्यांच्या आत तडजोड केली, रक्कम गुप्त राहिली. मार्च २०१९ मध्ये सरकारी वकिलांनी जाहीर केले की कंपनीवर फौजदारी गुन्ह्याला आधार नाही. खटला भरला गेला तो सीटवरच्या नोकरीपेशा बाईवर. जुलै २०२३ मध्ये तिने कमी दर्जाचा गुन्हा कबूल केला आणि तिला तीन वर्षे देखरेखीखाली राहण्याची शिक्षा झाली. थोडक्यात, कंपनीने पैसा मोजला आणि गुन्हेगाराचा शिक्का कामगाराच्या कपाळी लागला.

जेव्हा सीटवर कोणीच नसतो

पण गाडीत माणूसच नसेल तर? २ ऑक्टोबर २०२३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये एका स्त्रीला माणूस चालवीत असलेल्या गाडीने ठोकर मारली आणि तो चालक पळून गेला. स्त्री उडून जनरल मोटर्सच्या क्रूझ कंपनीच्या विनाचालक टॅक्सीपुढे पडली. टॅक्सी थांबली, पण यंत्राला खाली माणूस अडकल्याचे कळले नाही. गाडी बाजूला घेण्यासाठी ती पुन्हा निघाली आणि त्या जखमी स्त्रीला सुमारे २० फूट फरफटत नेले. सुदैवाने ती वाचली.

पहिली ठोकर क्रूझची नव्हती, हे खरे. तरी कंपनी बुडाली ती दुसऱ्या कारणाने. केंद्र सरकारच्या खात्याला दिलेल्या अहवालात या फरफटीचा उल्लेखच नव्हता. त्याच महिन्यात कॅलिफोर्नियाने कंपनीचा विनाचालक परवाना स्थगित केला. नोव्हेंबर २०२४ मध्ये खोटा अहवाल दिल्याचे कबूल करून कंपनीने ५ लाख डॉलर दंड मान्य केला. पुढच्याच महिन्यात जनरल मोटर्सने या टॅक्सी धंद्यातून पैसा काढून घेतला. अपघातापेक्षा लपवाछपवी महाग पडते, हे व्यापाऱ्याने ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

साधे चलान फाडण्याचाही प्रश्न आला. सप्टेंबर २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन ब्रुनो गावी पोलिसांनी नियम मोडून वळलेली वेमो कंपनीची टॅक्सी अडवली. आत चालकच नाही, तर पावती फाडायची कोणाच्या नावाने? त्या राज्याने अशा वेळी थेट कंपनीला नोटीस देण्याचा कायदा केला आणि १ जुलै २०२६ ही त्याच्या अंमलाची तारीख ठेवली.

दोष वाटून घेणारा निकाल

तिसरे प्रकरण टेस्लाचे. २०१९ मध्ये फ्लोरिडात एका टेस्ला गाडीचा 'ऑटोपायलट' चालू होता. चालकाचा फोन खाली पडला, तो उचलायला वाकला आणि गाडीने रस्त्याकडेला उभ्या गाडीला धडक दिली. तिच्याजवळ उभी असलेली २२ वर्षांची तरुणी ठार झाली, तिचा साथीदार जबर जखमी झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये मायामीच्या ज्यूरीने ६७ टक्के दोष चालकाचा आणि ३३ टक्के टेस्लाचा ठरवला. जरब बसावी म्हणून लावलेल्या २० कोटी डॉलरसह टेस्लाच्या वाट्याला सुमारे २४ कोटी ३० लाख डॉलर आले. कंपनीने अपील करण्याचे जाहीर केले. 'चालक जबाबदार' एवढे म्हणून कारखानदाराला हात झटकता येत नाहीत आणि 'गाडी स्वतः चालत होती' म्हणून चालकही सुटत नाही, असा या निकालाचा अर्थ.

जखमीला आधी पैसा

या सर्व भांडणात जखमी माणसाने वर्षानुवर्षे वाट पाहायची का? ब्रिटनने २०१८ च्या कायद्यात यावर मार्ग काढला. गाडी स्वतः चालत असताना अपघात झाला तर विमा कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि मग कारखानदाराकडून वसूल करावी. २०२४ च्या कायद्याने पुढे जाऊन म्हटले की मंजूर स्वयंचलित गाडी आपोआप चालत असेल, तर तिच्या चालीबद्दल सीटवरच्या माणसावर खटला नाही, जबाबदारी मंजुरी घेणाऱ्या कंपनीची. जर्मनीत दोष न पाहता गाडीमालक जबाबदार असतो. २०१७ मध्ये स्वयंचलित गाड्यांसाठी मृत्यू व दुखापतीच्या भरपाईची मर्यादा ५० लाख युरोवरून १ कोटी युरो केली गेली.

आपल्याकडे काय?

आपल्या देशात रस्त्यावर गाडी चालवायला परवानाधारक माणूस लागतो. यंत्राला परवाना नाही. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात सांगितले की ड्रायव्हरांचा रोजगार जाईल म्हणून विनाचालक गाड्या येऊ देणार नाही. पण आपोआप ब्रेक लावणाऱ्या आणि पट्टा न सोडणाऱ्या गाड्या शोरूममध्ये आल्या आहेत. 'गाडी स्वतःच सांभाळते' या सेल्समनच्या बोलण्यावर कोणी विसंबू नये. चाकावरचा माणूसच कायद्याने चालक आहे.

आपल्या मोटार वाहन कायद्याची एक गोष्ट मात्र चांगली आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १६४ नुसार मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख रुपये भरपाई मिळते, तीही दोष सिद्ध न करता. ती गाडीमालकाने किंवा त्याच्या विमा कंपनीने द्यायची असते. चालक माणूस असो की उद्या यंत्र, मालक व विमा यांना विचारण्याचा हा दरवाजा उघडा आहे.

म्हणून व्यापारी व कारागीर बांधवांनी तीन गोष्टी कराव्यात. एक, आपल्या टेम्पोचा थर्ड पार्टी विमा एक दिवसही चुकवू नये आणि ड्रायव्हरच्या लायसन्सची मुदत पाहावी, कारण लायसन्स बाद असेल तर विमा कंपनी जखमीला पैसे देऊन तेच मालकाकडून वसूल करू शकते. दोन, आपल्या घरातील कोणी सायकलवर किंवा पायी असताना जखमी झाला तर पोलिसांत नोंद, दवाखान्याचे कागद आणि गाडीचा नंबर जपून ठेवावा. तीन, दोष सिद्ध करून पूर्ण भरपाई मागायची असेल तर ट्रिब्युनलकडे अर्ज सहा महिन्यांच्या आत करावा, ही मुदतही २०१९ च्याच दुरुस्तीने घातली आहे. यंत्र कितीही हुशार होवो, हक्क कागदावरच मिळतो.