बिऱ्हाड हलविताना न सांगितलेले सामान

बदलीचा हुकूम हाती पडला की घरात प्रथम चर्चा होते ती काचेच्या कपाटाची, शिसवी पलंगाची आणि लोणच्याच्या बरण्यांची. पुण्याहून नागपुरास किंवा इंदुरास बिऱ्हाड न्यावयाचे म्हणजे काय फुटेल याची काळजी गृहिणीस वाटणे स्वाभाविकच होय. परंतु काय पेटेल, याचा विचार फार थोड्या घरांतून होतो. त्यातून आपल्याकडे बहुतेक बिऱ्हाडे हलतात ती मुलांच्या परीक्षा आटोपल्यावर, ऐन वैशाखात. आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद मालमोटारीत उष्मा किती असतो, हे आत शिरून पाहिल्याखेरीज कळावयाचे नाही.

मुख्य प्रश्न स्वयंपाकाच्या गॅसच्या सिलिंडरचा. ‘रिकामेच तर आहे, गोधडीत गुंडाळून मागे टाकू,’ हे वाक्य आम्ही चांगल्या शिकल्यासवरल्या घरांतून ऐकले आहे. वस्तुतः ज्यास आपण रिकामे म्हणतो ते रिकामे नसते. शेगडी विझली तरी आत वायू उरतोच, आणि कधी तळाशी थोडा द्रवही असतो. हा द्रव मोकळा झाला म्हणजे सुमारे २५० पट जागा व्यापतो. शिवाय त्याचा वायू हवेहून जड असल्यामुळे वर उडून न जाता गाडीच्या तळाशी साचून राहतो. गळती कळावी म्हणून त्यास मुद्दाम दुर्गंध दिलेला असतो खरा. पण बंद गाडीत तो हुंगणार कोण?

बरे, सिलिंडर नेण्याची गरज तरी कोठे आहे? वितरकाकडे सिलिंडर व रेग्युलेटर परत केला की ठेव परत मिळते आणि जोडणी बंद केल्याचा दाखला मिळतो; तो दाखवून नव्या गावी जोडणी घेता येते. तेथे ठेव मात्र चालू दराने भरावी लागते, आणि जुन्या ठेवीहून ती बरीच जड असते. गोधडीची युक्ती सुचते ती या फरकाच्या रकमेपायी, असा आमचा समज आहे.

आगगाडीने जाणाऱ्यांनी तर मदुरैची गोष्ट विसरू नये. २६ ऑगस्ट २०२३ रोजी पहाटे तेथील स्थानकाजवळ उभ्या असलेल्या यात्रेच्या डब्यास आग लागून ९ जण मृत्यू पावले. लखनौहून निघालेल्या त्या डब्यात गॅसचे सिलिंडर लपवून आणलेले होते. १९८९ च्या रेल्वे कायद्याचे ६७ वे कलम असे सांगते की, धोकादायक माल लेखी सूचना दिल्यावाचून गाडीत नेऊ नये. ते मोडल्यास १६४ व्या कलमान्वये ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. वर नुकसानीची भरपाई वेगळीच. येथे ‘लेखी सूचना’ हे शब्द आम्हांस विशेष महत्त्वाचे वाटतात. वाहणाऱ्यास ठाऊक असलेल्या जिनसेची तो काळजी घेतो. गोधडीतल्या जिनसेची कशी घेणार?

घरोब्याच्या वस्तूंविषयी तर संशयही येत नाही. देवघरातला कापूर आणि फडताळातले सुके खोबरे घ्या. धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत कृत्रिम कापरास २७१७ आणि खोबऱ्यास १३६३ हा क्रमांक आहे; पहिला ज्वालाग्राही घन म्हणून, दुसरे आपोआप तापणारे म्हणून. तेलकट खोबरे दमट ढिगात राहिले की हवेशी संयोग होऊन तापत जाते. चार वाट्यांनी किंवा डबीभर कापराने मालमोटार पेटत नाही, हे आम्हीही जाणतो. पण तीच पुडी विमानतळावर अडविली गेली तर अधिकाऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

इन्व्हर्टरच्या बॅटरीत गंधकाम्ल असते. ती उभीच ठेवावी, टोकांवर चिकटपट्टी लावावी, आणि जुनी झाली असल्यास येथेच दुकानदारास देऊन टाकावी. मोबाइलची पॉवर बँक विमानाने नेताना सोपविलेल्या पेटीत चालत नाही, हातातल्या पिशवीतच न्यावी लागते. त्याचे कारण मोठे समंजस आहे: ती पेटलीच तर माणसांच्या डोळ्यांदेखत पेटावी, म्हणजे विझविता येते. स्कूटर रेल्वेने पाठवावयाची तर टाकीतले पेट्रोल पूर्ण काढावे लागते.

एकत्र कुटुंबात प्रत्येक जण आपापली पेटी भरतो, आणि सर्वांच्या पेट्यांत काय आहे हे एकासही माहीत नसते. नखांचा रंग काढण्याचे औषध, सुगंधाचे फवारे, मामंजींची स्पिरिटची बाटली, माळ्यावरचा रॉकेलचा डबा. फवाऱ्यांच्या डब्यांवर तर ५० अंशांहून अधिक उष्णतेत ठेवू नये असे छापलेलेच असते. आदल्या दिवशी घरातील कर्त्या बाईने प्रत्येकास विचारून अशा जिनसांची वेगळी यादी करावी. नेण्याजोगे नसेल ते मागे ठेवावे. जे न्यावयाचे ते कोणत्या खोक्यात आहे हे चालकास सांगून यादी त्याच्या हाती द्यावी. तो आणि त्याचा जोडीदार रात्री त्याच गाडीत निजतात. दिवाळीतील उरलेले फटाके मात्र मुळीच नेऊ नयेत. ते कोठे दडवले आहेत हे बहुधा धाकट्या पुतण्यासच ठाऊक असते.